पांढऱ्या वाळूवरनं या

माझ्या ओढणीला गळ लागला तेव्हा मी रंकाळ्याच्या काठावर भेळ खात होते.

श्रावणातली संध्याकाळ. घटकेत ऊन, घटकेत भुरभुर. शेजारच्या तानाबाई मावशी जास्तीच्या कांद्यासाठी भेळवाल्याशी हुज्जत घालत होत्या. मी घास तोंडात टाकणार, तोच ओढणीला मागून हिसका बसला. वळून बघते तर ओढणीतून निघालेली एक लांबच लांब दोरी, दोरीच्या टोकाला काठी, आणि काठी धरून उभा असलेला एक माणूस. चष्मा, पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. चेहऱ्याचा रंग पार उडालेला.

"हलू नका," तो म्हणाला. "अजिबात हलू नका. गळ आहे."

"पावणं," मी म्हटलं, "मासं तिकडं पाण्यात असत्यात."

"दोरी आधी मागं फेकावी लागते, मग पुढं... मागं बघायचं राहिलं. तुम्हाला लागलं तर नाही ना?"

"मला न्हाय. ओढणीला लागलंय."

त्यानं घाईघाईनं खिशातून चाकू काढला. मी हात आडवा केला.

"ठेवा त्यो चाकू. गुतलेलं सोडवायचं असतंय. ह्ये धरा."

भेळेचा कागद त्याच्या हातात देऊन मी गळ दोन बोटांत धरला, हळूच उलटा फिरवला आणि काढला. ओढणीचा धागासुद्धा तुटला नाही. गळावरचा लाल-हिरव्या पिसांचा झुबका मात्र सुटून माझ्या तळहातावर पडला.

"ह्ये काय?"

"माशी. म्हणजे... माशाला माशी वाटावी अशी."

"माशाचं ठावं न्हाय, मला केरसुणीचा तुकडा वाटला."

तानाबाई मावशी फिस्सकन हसल्या. तोही हसला, आणि हसल्यावर एकदम शाळेतल्या मुलासारखा दिसायला लागला. आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात होते, म्हणाला. कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना त्यांना ही काठी आणि पिसांच्या डझनभर माश्या दिल्या होत्या. डझनातल्या तीन उरल्या होत्या. आता दोनच.

मी गळाकडं नीट बघितलं. पीस चांगलं होतं, दोराच कुजला होता. "उद्या गुजरीत या," मी म्हटलं. "पटवेगारांचं दुकान कुणीबी दावंल. बांधून देते."

"खरंच?"

"आनि माझी भेळ खाऊ नका."

त्यानं हातातल्या कागदाकडं पाहिलं. बोलता बोलता अर्धी संपवली होती.

ही सत्त्याहत्तर सालची गोष्ट. त्याचं नाव रफिक देसाई. मूळचा आजऱ्याचा, कोल्हापुरात हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचा. मी त्याला तोंडावर मास्तर म्हणायचे आणि मनात रफिक. इथं मनातलंच लिहिते.

गुजरीत सोनारांच्या ओळीत आमचं दुकान म्हणजे जेमतेम एक कोनाडा. सोनारानं कोल्हापुरी साजाची पानं नि मणी घडवले की ते रेशमात गाठवायचं काम आम्हा पटवेगारांचं. अब्बांची नजर अलीकडे अंधूक झाली होती, म्हणून बारीक काम सगळं माझ्याकडं. अम्मी जाऊन सहा वर्षं झाली होती, थोरली बेगमआपा लग्न होऊन दूर गेलेली. घरात अब्बा आणि मी, दुकानातही अब्बा आणि मीच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो आला. मी गळ खुंटीला अडकवला, पीस धरलं आणि रेशमाचे वेढे द्यायला लागले. तो बघायला इतका जवळ वाकला की त्याच्या बाहीवरची खडूची भुकटी माझ्या गुडघ्यावर पडली.

"गाठ कुठं गेली?" त्यानं विचारलं.

"हाय की आत. दिसली तर ती गाठ कसली?"

त्यानंतर त्याच्या माश्या फारच तुटायला लागल्या. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. अब्बा पानाला चुना लावत गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, रंकाळ्यात मगरी शिरल्यात का काय?"

एकदा मी तुटलेली माशी उजेडात धरून पाहिली. दोरा सरळ रेषेत कापलेला होता.

"ह्या माशाकडं ब्लेड हाय वाटतं, मास्तर."

तो कानापर्यंत लाल झाला. अब्बा समोरच्या सोनाराशी बोलत होते, तेवढी खुदाची मेहेरबानी.

"मग... उद्यापासून काय आणू?" त्यानं हळूच विचारलं.

"काय आनू नका. येताना हात हालवत या."

सप्टेंबरात आपाचं पत्र आलं. आपाचे मालक, सिकंदरभाई, लक्षद्वीपातल्या एका लहानशा बेटावर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. बेटाचं खरं नाव अब्बांच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला आपाचं बेट म्हणायचो. आपाला मुलगी झाली होती. दिवाळीनंतर बाळ बघायला या, असं तिनं लिहिलं होतं, आणि खाली कौतुकानं आणखी दोन ओळी: 'इथं गुडघाभर पाण्यात हाताएवढे चंदेरी मासे चरायला येतात. तोंड वाळूत खुपसतात आणि शेपट्या पाण्याबाहेर हलवतात.'

मी हे मोठ्यानं वाचत होते. वर पाहिलं तर रफिकचा चहा कपात तसाच.

"परत वाचा," तो म्हणाला.

मी परत वाचलं. त्यानं माझ्यासमोरचा पुडीचा कागद ओढून घेतला आणि त्यावर एक गोल काढला. "हे प्रवाळाचं कडं. बाहेर खोल समुद्र, आत उथळ पाणी. याला कंकणद्वीप म्हणतात."

"बांगडीवानी?"

"बांगडीसारखं. पाच वर्षं झाली, दर वर्षी आठवीच्या फळ्यावर काढतो. बघितलं मात्र कधीच नाही." तो थांबला. "आजोबा सांगायचे, त्या साहेबाला खाऱ्या पाण्यात या काठीनं मासा धरायचा होता. त्याला जमलं नाही. आजोबांनी तर समुद्रच पाहिला नाही."

अब्बा बराच वेळ त्या कागदावरच्या गोलाकडं बघत राहिले. त्यांना नातीचं तोंड बघायचं होतं. पण मिरज, बंगळूर, कोचीन, पुढं जहाज... एवढ्या भाषांचा मुलूख ओलांडायचा कसा, ही धास्ती होती.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्हास्नी इंग्रजी येतंय. दिवाळीची सुट्टी हाय. आमच्यासंगं चला की. तुम्ही मासं धरा, मी नात धरतो."

मी खाली मान घालून रेशीम गुंडाळत राहिले. गुंडाळायला काही उरलं नव्हतं, तरीही.

सिकंदरभाईंनी तिघांचे सरकारी परवाने काढून पाठवले आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आगगाडीत अब्बा खिडकीशी, मी मध्ये, रफिक पलीकडच्या बाकावर मांडीवर काठी घेऊन. प्रत्येक स्टेशनात कुणीतरी विचारायचं, पिशवीत काय आहे? तो दर वेळी मनापासून सांगायचा, आणि दर वेळी समोरचा माणूस थोडा लांब सरकून बसायचा.

जहाजावर अब्बांना समुद्र लागला. ते खाली पडून राहिले. मी वारा खायला वर आले तर रफिक कठड्याशी उभा.

"भीती वाटते?" त्यानं विचारलं.

"पाण्याची न्हाय. एवढ्या रिकाम्या जागंची वाटती. ओ द्यायला कुनी न्हाय."

"मी आहे की."

एवढं बोलून तो स्वतःच घाबरला आणि मान्सूनच्या वाऱ्यांबद्दल सांगायला लागला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण सांगताना त्याचे हात कसे फिरतात, ते मी सबंध वेळ बघत होते.

बेट दिसलं तेव्हा आधी नुसती माडांची एक काळी रेघ. मग रेघेखाली पांढरी वाळू, आणि तिच्यापुढं पाण्याचा असा रंग की त्या रंगाचं रेशीम मी कधी हाताळलं नव्हतं. जहाज बाहेरच थांबलं. होडीतून आत जाताना रफिक काठाला धरून वाकला होता. पाण्याखालची वाळू, तिच्यावरची होडीची सावली, सगळं लख्ख दिसत होतं. त्याचा चष्मा ओला झाला होता. तुषारांनी असेल.

जहाज परत यायला नऊ दिवस होते.

पहिले चार दिवस रफिकला एकही मासा लागला नाही. सकाळी ओहोटी लागली की तो उथळ पाण्यात शिरायचा. अब्बा माडाखाली नातीला मांडीवर घेऊन बसायचे आणि मी त्यांच्याजवळ. आपा घरात रांधायची. चंदेरी मासे खरोखर यायचे, शेपट्या हलवायचे. रफिक दोरी फेकायचा, माशी त्यांच्या पुढ्यात पडायची आणि मासे फुर्र.

"तुमचं मासं लाजत्यात, मास्तर," मी काठावरून म्हणायचे.

"माझेच आहेत ते," तो म्हणायचा.

पाचव्या दिवशी मी सलवार दुमडून पाण्यात शिरले. तासभर नुसती उभी राहून मासे काय खातात ते पाहिलं. वाळूच्याच रंगाचे, नखाएवढे झिंगे. आणि आमची माशी लालभडक, हिरवीगार, वर तरंगणारी. घरी येऊन आपाच्या कोंबडीचं पांढरं पीस घेतलं, नारळाच्या काथ्याचे दोन बारीक धागे. दोऱ्याचा बटवा मी कुठंही गेले तरी बरोबर असतोच. त्यातला एक पितळी मणी गळात ओवला, म्हणजे माशी तळाला जाईल. वरून रेशमाचे वेढे.

"ह्ये टाका," मी म्हटलं.

त्यानं ती तळहातावर घेतली आणि किती तरी वेळ बघत राहिला. "ही कुणाच्याच पुस्तकात नाही," तो म्हणाला. "हिचं नाव काय ठेवायचं?"

"माशीला कुनी नाव ठेवतंय व्हय?"

"मी ठेवणार. पण सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहिला मासा लागला. काठीवरची दोरीची रीळ अशी काही किंचाळली की माडाखाली बाळ दचकून रडायला लागलं. रफिक दोरीमागं पाण्यात धावतोय, मी रफिकमागं, आणि अब्बा काठावरून "ढील द्या, मास्तर, पतंगावानी ढील द्या" म्हणताहेत. मासा हातभर, चांदीच्या ताटासारखा. रफिकनं तो पाण्यातच धरला, गळ काढला आणि मला म्हणाला, "हात लावा." मी लावला. गार, गुळगुळीत, आणि आत काहीतरी जोरानं धडधडणारं. त्याचा हात माझ्या हाताला लागून होता. दोघांपैकी कुणीच तो काढला नाही, तेवढ्यात मासा निसटून गेला.

"सोडला?" अब्बा काठावरून विचारत होते. "एवढ्या लांब येऊन सोडला?"

त्या संध्याकाळी बेटावरच्या शाळेचे मुख्याध्यापक सिकंदरभाईंकडं चहाला आले. रफिकशी इंग्रजीत खूप बोलले. ते गेल्यावर रफिक मला विहिरीपाशी भेटला.

"त्यांना भूगोलाला माणूस हवाय," तो म्हणाला. "अर्ज लिहून द्या म्हणाले. बहुतेक होईल." त्याचे डोळे चमकत होते. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "काय करू?"

मला सांगायचं होतं... काय सांगायचं होतं, ते मला तेव्हाही नीट माहीत होतं. पण माणूस पाच वर्षं फळ्यावर जे काढत आला, ते त्याच्यासमोर पसरलेलं असताना मध्ये उभं राहणारी मी कोण? मला अब्बांना सोडून इथं येता येणार नव्हतं. अब्बांचे डोळे मीच होते.

"द्या की अर्ज," मी म्हटलं, आणि रिकामी घागर घेऊन घरात आले.

आठव्या दिवशी, जहाजाच्या आदल्या सकाळी, मी काठावर गेले नाही. म्हणजे जायचं नव्हतं. पण बाळाची दुपटी वाळत घालायला त्याच बाजूला जावं लागतं, असं मी स्वतःला सांगितलं.

रफिक दूर होता, नेहमीपेक्षा फार दूर. प्रवाळाच्या कड्याजवळ पांढऱ्या वाळूचा उंचवटा होता, त्यावर एवढासा दिसत होता. काठी पुरी वाकलेली. मोठा मासा लागला होता आणि तो त्याला बाहेरच्या बाजूला ओढत नेत होता. मी हसणार होते. तेवढ्यात मला पाणी दिसलं.

भरती आली होती. कड्यावरून पाणी आत येत होतं, आणि रफिक आणि किनारा यांच्यामध्ये जो सखल पट्टा ओहोटीत फिकट हिरवा असायचा तो आता गडद झाला होता. तो पाठमोरा. त्याला मासा सोडून काही दिसत नव्हतं. किनाऱ्यावर होडी नव्हती. सगळे टूना मासे धरायला बाहेर गेलेले.

माझ्या आवाजाबद्दल इथं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी शिरोळचं एक स्थळ मोडलं त्याला दोन कारणं होती. एक, लग्नानंतर मी दुकान सोडणार नाही म्हटलं. आणि दुसरं, मुलाच्या आईनं सांगितलं की पोरीचा आवाज गल्लीच्या पार जातो.

वाळूवर एक फुटकी होडी पालथी घातली होती. मी तिच्यावर चढले, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडले, "मास्तर... भरती आलीया."

तो वळला. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग पाण्याकडं. क्षणभर तसाच उभा राहिला. काठी अजून वाकलेलीच होती. मग त्यानं खिशातून चाकू काढला आणि दोरी कापली. काठी सरळ झालेली मला इथून दिसली.

तो सरळ किनाऱ्याकडं निघाला. पाच पावलांत छातीपर्यंत पाण्यात.

"तिकडनं नको," मी ओरडले. "मागं फिरा. डावीकडं या. डावीकडं."

उंचावरून मला सगळं दिसत होतं. गडद निळं म्हणजे खोल. पण त्या निळ्यातून वाळूची एक पांढरी वाकडीतिकडी वाट किनाऱ्याकडं येत होती. खाली उभ्या माणसाला ती दिसणं शक्य नव्हतं.

"पांढऱ्या वाळूवरनं या. आता उजवीकडं. थांबा... थोडं मागं. आता सरळ. सरळ या की, घाबरू नका."

माझी ओढणी कुठं उडाली मला कळलं नाही. अब्बा येऊन होडीला धरून उभे होते, आपा दारातून पळत आली होती. मी कुणाकडंच बघितलं नाही. बघितलं असतं तर तो मला पुन्हा सापडला नसता, असं वाटत होतं. पाणी त्याच्या कमरेला, मग छातीला, एकदा खांद्याला. काठी त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. मी सांगायचे, तो यायचा. एकदाही का म्हणून विचारलं नाही.

शेवटी पाणी गुडघ्यावर आलं. तो वाळूवर बसला तेव्हा माझा आवाज पार गेला होता.

अब्बांनी त्याच्या खांद्यावर आपला टॉवेल टाकला. "चहा टाक," असं आपाला सांगत ते तिच्यामागं घराकडं गेले. फार सावकाश गेले. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

"भरती-ओहोटी मी आठवीला शिकवतो," रफिक म्हणाला. दात वाजत होते. "सहा मार्कांचा प्रश्न असतो."

मला हसू आलं, आणि पाठोपाठ रडू. घशातून नुसती खरखर निघाली. "मासा... लई मोठा हुता?"

"आजोबांनी सांगितलेल्या सगळ्या माशांपेक्षा मोठा."

"मग?"

"मग काही नाही." त्यानं चष्मा काढला, ओल्या शर्टाला पुसला, तो आणखीच ओला झाला. "शमशाद, मी तो अर्ज लिहिलेला नाही. कालपासून कागद समोर घेऊन बसलो होतो. जमत नव्हतं, आणि का जमत नाही ते नीट कळत नव्हतं. मघाशी पाण्यात कळलं. पुढं कुठं पाऊल टाकायचं ते काही दिसत नव्हतं... तुमचा आवाज तेवढा येत होता. मला त्या आवाजाच्या गावात राहायचंय. तुमची हरकत नसेल तर."

त्यानं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

"हरकत न्हाय," मी खरखरत म्हटलं. "पर एक सांगून ठेवते. मी दुकान सोडनार न्हाय."

"सोडलंत तर माझ्या माश्या कोण बांधणार?"

"ब्लेडनं कापलेल्या बांधायची न्हाय."

"ते ब्लेड मी सप्टेंबरातच टाकून दिलं," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला. वाळूनं भरलेला होता त्याचा हात, आणि गार.

जहाजावर अब्बांना पुन्हा समुद्र लागला. रफिक त्यांच्या उशाशी बसून लिंबू कापून देत होता. दुसऱ्या सकाळी त्यानं धीर केला. "अब्बा, मला शमशादबद्दल तुम्हाला एक विचारायचंय."

अब्बांनी डोळे न उघडता हात वर केला. "मास्तर, जमिनीवर उतरल्यावर इचारा. आत्ता मला जो कोन लिंबू देईल त्याला मी कशालाबी व्हय म्हनंन. ते काय खरं न्हवं."

मला वाटलं, जमीन म्हणजे कोचीन. कोचीनला उतरलो. रफिकनं तोंड उघडलं की अब्बा म्हणायचे, "अजून पायाखाली हालतंय." बंगळूर गेलं. मिरज गेलं. मिरजेपासून पुढं रफिकनं विचारणंच सोडलं. खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत नुसता चष्मा पुसत बसला होता.

कोल्हापूर स्टेशनाबाहेर अब्बांनी ट्रंक खाली ठेवली. चपला काढल्या. अनवाणी पायांनी जमीन दोनदा दाबून बघितली आणि परत चपला घातल्या.

"हं," ते म्हणाले. "आता इचारा."

रफिकनं विचारलं. टांगेवाले, हमाल, केळीवाली, सगळ्यांच्या मधोमध, एका दमात, वर्गात धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखं. केळीवालीनं तराजू खाली ठेवला. मी ट्रंकेच्या कडीकडं बघत उभी राहिले.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या दिवशी होडीवर ही वरडत हुती," ते सावकाश म्हणाले, "आनि तुम्ही एकेक पाऊल तिच्या सांगण्यावर टाकत हुता. मला नीट दिसत न्हाय, पर तेवढं दिसलं. आजऱ्याला पत्र धाडा. तुमच्या वडलास्नी घेऊन या."

मग त्यांनी टांग्याला हात केला आणि ट्रंकेकडं बोट दाखवलं.

"तिघं हाय," ते टांगेवाल्याला म्हणाले. "आनि मास्तरास्नी पुढं बसवू नगंस. ते मागं, हिच्या शेजारी."